हातचा

वाल्पाराईसोतल्या टेकडीवरच्या घराचा अंदाज
मी खालच्या कॅफेत बसून काढला.
नकाशा सपाट होता, टेबलही सपाट.
विटा चार हजार आठशे, भाव गेल्या मार्चचा,
जुन्या कामाच्या वहीतून जसाच्या तसा उचललेला.
कोपरे दोनदा मोजले,
दारांच्या पोकळ्या इमानदारीने वजा केल्या,
दारांवरच्या तुळया विसरलो.
शेवटी लाल शाईत बेरीज, तिच्याखाली दुहेरी रेघ.
दुहेरी रेघ मारली की कुठलाही आकडा
खरं बोलतोय असं वाटतं.

दोन्या एरमिंदांनी कागद चष्म्याजवळ धरला.
सदतीस वर्षं शिंपल्यांच्या कारखान्यात काढलेली बाई.
त्यांनी फक्त शेवटची ओळ वाचली
आणि तेवढेच पैसे बँकेतून काढले.
तेवढेच. वर एक पेसो नाही.

विटा मंगळवारी आल्या.
ट्रक थांबला तिथे रस्ता संपत होता
आणि जिना सुरू होत होता.
दोनशे बारा पायऱ्या,
मधे तीन वळणं, एक झोपलेला कुत्रा,
भिंतीवर कुणीतरी काढलेला निळा मासा.
भट्टीचा भाव माझ्याकडे होता,
ट्रकचं भाडंही होतं,
पण वीट शेवटी भिंतीला लागते,
आणि भिंत वर होती.

नोलास्को आला, खांद्यावर पोत्याची घडी.
एका खेपेला चौदा विटा, म्हणाला,
चौदाच्या वर गुडघा हिशेब मागतो.
म्हणजे तीनशे त्रेचाळीस खेपा.
मी फोनवर गुणाकार केला:
बहात्तर हजार सातशे सोळा पायऱ्या.
"आणि उतरायच्या?
रिकाम्या हाताने उतरतो म्हणून त्या फुकट?"

दुपारी सावलीत त्याने माझी फाइल मागितली.
वाचायचा सावकाश, ओळीवर बोट ठेवून.
सिमेंट. वाळू. सळया. रंगाचे दोन हात.
खिळ्यांचासुद्धा आकडा होता, किलोत.
शेवटच्या पानापर्यंत गेला, परत पहिल्यावर आला.
"यात मी कुठल्या पानावर आहे?"

इतर खर्च, मी म्हणालो.
त्याने ते पान शोधून काढलं.
इतर खर्चासमोर मी एक छोटी आडवी रेघ मारली होती.

संध्याकाळी एदुविहिसला फोन केला.
हे काम मला तिनेच शिकवलेलं.
हसली नाही, रागावलीही नाही.
समुद्राकडून धुकं चढतं तेव्हा सिमेंटची पोती कुठे ठेवणार?
जमीन खणून पाहिलीस, की नकाशालाच विचारलंस?
शंभरात किती विटा फुटतील?
आणि हातचा किती राखलास?
काहीच नाही, मी म्हणालो.
पलीकडे तिने काडी ओढल्याचा आवाज आला.
"अंदाजपंचे दाहोदरसे करायचंच होतं,
तर खाली दुहेरी रेघ कशाला मारलीस?"

दोन्या एरमिंदांनी सगळं ऐकून घेतलं.
किती कमी पडतात ते विचारलं नाही,
काय कमी करायचं ते विचारलं.
मागची खोली, मी म्हणालो.
त्या खोलीत त्यांची बहीण येणार होती
कोकिम्बोहून, शिलाई मशीनसकट.
जिथे खिडकी यायची होती तिथे त्या जरा उभ्या राहिल्या,
मग मला विचारलं, जेवलास का.

आता नवं काम आलं की आधी चढून जातो,
दोन्ही हातांत सात-सात विटा घेऊन, एकदाच.
अर्ध्या वाटेवर छाती भरून येते,
तिथे थांबून कुत्र्याशेजारी बसतो
आणि वही काढतो.
पहिल्या पानावर पहिली ओळ:
नोलास्को इबाकाचे, चढण.
दुसरी ओळ:
नोलास्को इबाकाचे, उतरण.
विटा त्यानंतर.
बेरीज पेन्सिलीने,
तिच्याखाली रेघ एकच, तीही पुसता येईल अशी.