काजऱ्याची बी

बस भेडस फाट्यापर्यंत येते.
तिथनं पुढं चार किलोमीटर आम्ही.

तिकीट शून्य रुपये.
नीलव्वा मशीन दाबते, कागदाची जीभ बाहेर येते,
तिच्यावर गोल, पोकळ शून्य.
सरकारनं दिलंय, नको कशाला म्हणू?
खरं त्या चार किलोमीटरचं तिकीट कुणी फाडायचं,
हे मशीनला ठाऊक नाही.

थोरली बहीण चंदगडकडं दिलेली,
तिच्या कार्डावर कोल्हापूर जिल्हा.
एका आईच्या दोघी, एका बाकावर,
मला शून्य, तिला बत्तीस.
ती खिडकीबाहेर बघते.
मी माझं तिकीट मुठीत चुरगाळते.

ठकूकाकू पाटी वाचत नाही,
कन्नड नाही की मराठी नाही,
पाटीवरून भांडायचं असतं हेही तिला माहीत नाही.
डाव्या दिव्याखाली पोचा आहे ती आपली बस,
एवढं एकच अक्षर तिला येतं.
डेपोनं एकदा दुसरी गाडी सोडली, बिनपोच्याची.
काकू दह्याचं मडकं घेऊन उभीच राहिली.
काजरमाळवर दोन दिवस सगळ्यांच्या ताटात आंबट दही.

साहेब म्हणाले, कलेक्शन नाही.
तुमच्या माळावर बसायला माणसं कुठं आहेत?
त्यांचंही खरंच.
चालणाऱ्याची नोंद कुठल्या रजिस्टरात असते?

मग धोंडू येडग्याच्या पोरानं
फाट्यावरच्या जांभळीला तेलाचा रिकामा डबा बांधला.
जो चालत येईल त्यानं एक बी टाकायची.
काजऱ्याची, चपटी, राखाडी, नाण्यासारखी.
कडू एवढी, की शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

शाळेची नऊ पोरं, सकाळच्या नऊ बिया.
रेणकाला नववीतनं काढून घरी बसवली,
तेव्हापासून आठ.
शनिवारी बेळगावचा बाजार, त्या दिवशी डबा वाजतच राहायचा.
लंगडत येणारा विठू वरक
एक टाकून म्हणायचा, माझ्या दोन धरा,
मला दुप्पट वेळ लागतो.

यशोदेला कळा सुरू झाल्या ती रात्र.
खुर्चीला बांबू बांधून तिला फाट्यापर्यंत आणली.
चार उचलणारे, पुढं बॅटरी धरून मी, आणि ती.
जीपची वाट बघत सहा टाकून झाल्या.
धोंडूमामा म्हणाले, थांब.
आणि सातवी टाकली.

महिन्यानं डबा एकट्याला उचलेना.
खानापूरला नेऊन साहेबांच्या टेबलावर ओतला.
बिया फायलींवरनं घरंगळल्या, कपाटाखाली गेल्या,
शिपाई झाडू शोधायला धावला.
साहेब आधी चिडले. मग वाकून एक उचलली.
इदेनू?

नीलव्वाची ड्यूटी संपली होती, तरी ती आत आली.
तिनं तिच्या भाषेत सांगितलं.
सगळं काही आम्हाला कळलं नाही,
खरं सातव्या बीपाशी तिचा आवाज थांबला,
ते कळलं.

आता मंगळवार आणि शनिवार, दोनच दिवस.
कागदावर लिहिलंय, प्रायोगिक.
ओढ्याला पाणी चढलं की बंद, साकव नाही.
बहिणीला अजून बत्तीसच.
रेणकाच्या बापाला मी सांगून आले,
तो बघू म्हणाला, म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

पहिल्या शनिवारी बस आली खरी,
खरं वळायला जागा नाही.
येडग्यांनी आपल्या गोठ्याचं कुंपण उपटलं.
दस्तगीरमामा गाडी मागं घेऊ लागला, टीचभर टीचभर,
आणि मागं सरत सरत पोरं ओरडत होती, कंडक्टरसारखी,
बर्ली, बर्ली, बर्ली!

ठकूकाकू मडकं खाली ठेवून पुढं गेली.
डाव्या दिव्याखाली हात फिरवला,
पुन्हा एकदा फिरवला.
पोचा नव्हता.

तरी चढली.