पडवळाचा माटव

मार्चअखेर फेरीबोटीवरून उतरलो तो कायमचा.
एकतीस वर्षं दोर फेकला, दोर ओढला,
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर खुंट्याला वेढे दिले
ते पलीकडे, दिवाडीला येण्यासाठी सोडले.
काम संपलं हे मला कळलं,
हातांना कोण सांगणार?

म्हणून परसात खड्डे घेतले. चार.
चिऱ्याची जमीन, पहार मारली की ठिणगी,
गुडघाभर खोल जायला दोन सकाळी.
पुतण्या म्हणाला, फोंड्याहून लोखंडी पाइप आणू,
हिरवी प्लास्टिकची जाळी, तासाभराचं काम.
खरं होतं नवसोचं.
मी तीन बांबू रोवले, चौथा कमी पडला
तिथे पांगाऱ्याचा सोट.
तो पुढे पालवला.
माटवाचा एक पाय झाड झाला,
दर रविवारी त्याची हजामत करतो.

वर आडवे बांबू, पोफळीच्या फाळक्या, काथ्या.
गाठी मात्र बोटीवरच्या:
भार पडला की आवळणारी,
एका झटक्यात सुटणारी,
आणि एक, जिला नाव नाही,
जी मला एका म्हाताऱ्या तांडेलाने
शब्द न बोलता शिकवली.

पण देठाला बांधायचं तर
सगळ्या विसराव्या लागतात.
भरतीला आखूड बांधलेली बोट
ओहोटीला दोरावर लटकते, किंवा दोर तुटतो.
वेलाला तर नुसती भरतीच.
जुन्या लुंगीची चिंधी घ्यायची,
आठाचा आकडा करायचा,
एका पोटात बांबू, दुसऱ्या पोटात देठ,
आणि मध्ये करंगळी जाईल एवढी जागा.

तणावा मी चष्मा लावून पाहिला.
काथ्याला विळखा घालतो, मग बसल्या जागी
वळत वळत आखडतो,
अर्ध्यात थबकतो,
आणि उलटा वळायला लागतो.
वारा आला तर ताणला जावा, तुटू नये, म्हणून.
मला हे कळायला दहा वर्षं लागली होती
आणि एक अंगठ्याचं नख.

एवढं करून पडवळ गेलं कुठे?
कुंपणावरून कोंसेसांवच्या कपड्यांच्या तारेवर.
माझा माटव अर्धा रिकामा,
तिच्या चादरींमध्ये पांढरी फुलं,
झालरीसारखी कातरलेली.
ती भिंतीवरून ओरडली,
"शाणू, तुजें पडवळ म्हज्या कपड्यांमदीं लोंबता!"
म्हटलं, छाटून टाक.
तिने छाटलं नाही. कपडे व्हरांड्यात वाळत घातले.

माझ्या बाजूच्या फळांना मी शेपटीशी नट बांधले,
वर्कशॉपमधले, जुन्या इंजिनाचे,
नाहीतर पडवळ वळवळत वाढतं,
विळीवर धड बसत नाही.
पलीकडच्याला काय बांधू?
ते माझं होतं की तिचं,
हे आम्ही दोघांनी कधी काढलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी
माटोळी बांधायला घेतली.
केवणीचे दोर भिजवलेले, नवसो स्टुलावर,
कांगलां, नारळाची पेंड, तोरिंग, चिबूड,
मी खालून एकेक देतोय.
दारात कोंसेसांव, चपला बाहेर,
दोन्ही हातांवर आडवं धरलेलं ते पडवळ,
माझ्या सगळ्यांहून लांब,
सरळ, ओळंब्यासारखं.
शेपटीला कौलाचा तुकडा.

गाठ मासेमारी जाळ्याची होती,
तिच्या बापाच्या घरची,
ओली झाली की दगड होणारी.
मी सोडवायला गेलो. एकतीस वर्षांचे हात.
नखं घातली, दात लावले.
ती नुसती बघत होती.

"रावूं दी," म्हणाली.

राहिली.
यंदा गणपतीच्या माथ्यावर
फळांच्या गर्दीत
कौलाचा एक तांबडा तुकडा
पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता,
आणि आरतीच्या मधोमध
नवसोच्या डोक्याला लागला.