नसलेल्या तासाची नोंद

राइतिस, उद्यापासून ही खोली तुझी.
तळघर, दोन सर्व्हर, एक पंखा
जो बंद पडला तरच ऐकू येतो.
वर तीन मजले बाळंतिणी.
लिएपायाचा वारा इथवर उतरत नाही,
समुद्राचं मीठ मात्र उतरतं;
कुलपाला महिन्यातून एकदा तेल घाल.

स्क्रिप्ट माझी नाही, इल्मार्सची.
एकोणतीस ओळी.
पहाटे साडेतीनला उठायच्या,
दिवसभराच्या नोंदी आवळून बांधायच्या,
कालव्यापलीकडच्या इमारतीत नेऊन ठेवायच्या,
आठवड्यापूर्वीचं गाठोडं टाकून द्यायच्या.
कोणाची झोपमोड नाही.
सातव्या ओळीवर त्याचा शेरा:
'हिला हात लावू नये. का, ते आता आठवत नाही.'
मी अकरा वर्षं लावला नाही.

साडेतीनच का, विचारलं होतं एकदा.
म्हणाला, त्या वेळी बाळंही जरा दम खातात.
थाप होती. स्काइद्रीते सुईणीची वही चाळून बघ,
साडेतीनची पोरं पानोपानी आहेत.

ऑक्टोबरात इथे एक तास दोनदा येतो.
त्या रात्री स्क्रिप्ट दोनदा उठायची,
सकाळी दोन गाठोडी, जुळ्यांसारखी.
आम्ही हसायचो.
मार्चचा विचार कोणी केला नव्हता.

मार्चचा शेवटचा रविवार.
तीन वाजायचे, त्याऐवजी एकदम चार.
साडेतीन वाजलेच नाहीत.
काही बिघडलं नाही,
म्हणून बिघाडाचा निरोपही आला नाही.
आणि त्याच रात्री अकराला डिस्क गेली,
एक बारीक टक्, नखाने बशीवर मारावं तसं.
आड आटला होता,
आणि पोहरा त्या पहाटे सोडलाच नव्हता.

शनिवार पहाटेपासूनची नऊ बाळं
वरच्या मजल्यावर रडत होती,
खाली त्यांचा पत्ता नव्हता.

स्काइद्रीते वही घेऊन पाळण्यापाळण्याशी गेली,
मनगटावरच्या पट्ट्या वाचत.
मी टाइप करत होते:
तीन हजार चारशे दहा ग्रॅम. मुलगा. ओ पॉझिटिव्ह.
एकाचं नाव अजून ठरलं नव्हतं;
तो रकाना तेवढा खरोखरचा रिकामा,
मला उगाच बरं वाटलं.

नववी मुलगी. जन्मवेळ तीन वाजून दहा.
यंत्राने नाकारली: अशी वेळ अस्तित्वात नाही.
पुन्हा टाकली. पुन्हा तेच.
प्रसूतिगृहातलं भिंतीवरचं घड्याळ
कोणी पुढे सरकवलंच नव्हतं.
स्काइद्रीते माझ्या खुर्चीमागे उभी,
हात अजून साबणाच्या वासाचे.
"मी झेललीय तिला," म्हणाली,
"अस्तित्वात नाही म्हणजे काय?"

दाखल्यावर चार दहा लिहिलं. कायदा तसाच आहे.

आता स्क्रिप्ट दोनला उठते.
दोन वाजणं इथे अजून कोणी रद्द केलेलं नाही.
काम झालं नाही तर बोंबलते,
आणि न बोंबलणंही मी रोज तपासते; तूही तपास.
महिन्यातून एकदा गाठोडं आणून रिकाम्या मशीनवर सोड,
सगळं बाहेर काढ, मोज.
बांधलंय एवढ्यावर निजू नकोस.

आणि शेवटी तिसावी ओळ आहे.
ती काहीच करत नाही, नुसता शेरा:
'मुलगी, दोन हजार नऊशे साठ, तीन दहा.'
हिला हात लावू नकोस.
का, ते मला आठवतंय.

तेलाची बाटली खिडकीपाशी, वरच्या कप्प्यात.