विटेची रेघ

गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या भिंतीलगत
आई रोज रात्री विटेच्या तुकड्याने रेघा ओढायची.
तीन बाजू तिच्या, चौथी यार्डाची.
मधे दोन वितींची जागा सोडायची
आणि म्हणायची, हे दार.
दारातनंच ये, सोजरे.
भिंतीतनं शिरू नको, भुतागत.

चपला आम्ही रेघेबाहेर काढायचो
आणि निजताना त्याच उशाला घ्यायचो,
घर आपलं असलं तरी
शेजाराचा भरवसा नव्हता.

दिवसभर लसूण निवडलेला आईचा हात
डिसेंबरात कानावर आला
की थंडी जरा लांबनं जायची.
कुत्री रेघ मानायची. खरंच.
एक लंगडं तर दारातच मुटकुळं करायचं,
राखणीला असल्यासारखं.

अतिक्रमणची गाडी मानायची नाही.
पत्र्याची पेटी, स्टोव्ह, सोजरचं दप्तर,
सगळं वर फेकलं.
दप्तरात चाचणीचा पेपर होता,
गणितात वीसपैकी एकोणीस.
सोजर गाडीमागे सेव्हन लव्हज चौकापर्यंत पळाली.
परत आली तेव्हा आई उकिडवी बसून
रेघ ओढत होती.
या खेपेला जरा मोठी.
सामान न्हाई तर जागा वाढली की, म्हणाली.
मला हसू आलं तेव्हा.
त्याची लाज अजून जात नाही.

शाळेत पत्ता विचारला.
आई म्हणाली, लिवा, खांब नंबर एकोणचाळीस.
इनामदार बाईंचं पेन थांबलं.
त्यांनी खिडकीबाहेर बघितलं
आणि वळणदार अक्षरात लिहिलं,
खांब क्र. ३९.
त्या खांबाच्या पिवळ्या उजेडात मी दहावीपर्यंत आलो.
किडे वहीवर पडायचे,
वाक्य संपायच्या आधीच पूर्णविराम.
मी फुंकर मारून पुढे लिहायचो.

आता कुणी विचारतं, कसं निभावलंत?
मला शूरबीर काही आठवत नाही.
उजाडताना रेघ पुसलेली असायची,
हमालांच्या पायांनी, टेम्पोंनी, झाडूने,
आणि रात्री ती परत असायची.
एवढंच.

धायरीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली.
पहिल्या रात्री आई भिंतींवरून हात फिरवत राहिली,
एक, दोन, तीन.
चौथीपाशी थांबली.
ही पण आपलीच?

त्या खोलीतून ती चार वर्षांनी गेली.
सोजर सांगलीला नर्स आहे.
फोनवर मधेच विचारते,
चपला कुठं ठेवतोस रे?
रॅकवर, मी सांगतो.
ती गप्प. मीही.
दोघांनाही एकमेकांचं खोटं पाठ आहे.

डेपोतली रात्रपाळी संपवून परतताना
स्वारगेटला फुटपाथवर पोरं दिसतात,
एका चादरीत तिघं.
पहिली बस गाठायला निघालेले लोक
त्यांच्यावरून ढांग टाकून जातात.
मी सायकलवरून उतरतो.
रेघ कुठेच दिसत नाही.
तरी सायकल हातात धरून
रस्त्यावरनं वळसा घालतो.
काय सांगावं,
कुणाच्या भिंतीतनं जाईन.