मुक्कामी गाडीचा आरसा

भुरापाण्याला आमची गाडी रात्री मुक्कामी.
सकाळी पावणेसहाला मी मशीन चालू करतो
तेव्हा तो आलेला असतो.
डाव्या आरशावर, चिंचोक्याएवढा राग घेऊन
टक् टक् टक्.

शिंजीर.
जांभळा, मान वळवली की हिरवा, मग नुसताच काळा,
गॅरेजातल्या डबक्यावर ऑईल पसरावं तसा.

भोंगाडे ड्रायव्हर टमरेल घेऊन परत येतात.
"काहून भांडते बे हा? अंदर कोनी नाई."
आणि त्याच आरशात आपली मिशी बघून घेतात.

समोर पळसाला पान नाही, सगळी फुलंच,
फुलाफुलात एकेक घोट.
ते सोडून हा काचेतल्या भावाशी
बांध कोरत बसलाय.

मादीला सवड नाही. मातकट, पिवळ्या पोटाची.
हापशाजवळच्या वायरला तिनं बटवा टांगलाय:
कोळ्याचं जाळं, सालीचे धागे, अळीच्या लेंड्या,
आणि बाहेरून चिकटवलेलं माझंच एक तिकीट.
फुल एक, हाफ दोन.
वाकून पाहिलं. आत दोन अंडी.
हिशोब जुळतो.

होळीची सुटी संपवून आश्रमशाळेला निघालेली
सुगरती भिलावेकर, सातवी,
फगव्याच्या चिल्लरमधून तिकिटाचे पैसे मोजते.
मांडीवर पुस्तक उघडं.
"मामा, हे पाहा, हमिंगबर्ड.
लई दूरच्या डोंगरात, जंगलात राहाते.
थंडीत रातभर मेल्यासारखं पडते, सकाळी उठते.
अन् उडता उडता मागंही जाते."

मी म्हटलं, त्याच्या मागं उभं राहून शिटी कोण मारते?
ती हसली नाही.
"आपलं नाई जात मागं," खिडकीबाहेर बघत म्हणाली.
"ते फांदी धरूनच पिते."

गाडी वळवायला जागा कमी.
मी खाली उतरलो, मागच्या पत्र्यावर थाप:
येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं दगड... येऊ द्या...
इंजिन खोकलं, धूर, धुळीत कोंबड्या पळाल्या,
आणि आरशाची कड पायांत घट्ट धरून तो
गाडीसोबत
मागं
मागं,
अजूनही काचेवर टोचा मारत.

"मामा! गेला! मागं गेला!"
अर्धी खिडकीबाहेर आलेली सुगरती.

पोळा झाला की त्याचं जांभळं उतरतं.
गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते फक्त.
मग तो भांडायला येत नाही.

भोंगाडे आरसा पुसतात तरी,
एकदा मिशीसाठी,
एकदा उगीच.