जुळती सही

टपालाने आलेलं मत तीन दिवस उशाशी पडून आहे.
मुदत गुरुवारची. आज मंगळवार असावा;
खाली कचऱ्याची गाडी आली होती, म्हणजे मंगळवारच.

डंडीत मे महिन्यात उजेड रात्री नऊपर्यंत रेंगाळतो.
माझ्या खोलीत मात्र रात्र कायमची मुक्कामाला:
काळा पडदा, पडद्याच्या कडांना चिकटपट्टी,
कानांत मेणाचे बोळे,
आणि दिवसाला वीस मिनिटं.
त्यातच सूप, त्यातच केस विंचरणं,
त्यातच आईचा फोन,
उरलं तर राजकारण.
उद्याची मिनिटं आज उसनी घेता येतात,
पण व्याज ऐकाल तर हबकाल.

‘अशा अवस्थेत कशाला हव्यात या भानगडी?’
माझा भाऊ विचारतो, प्रेमानेच.
अरे, मी कुठे गेले होते भानगडींकडे?
त्याच आल्या, तीन जिने चढून,
गळ्यात ओळखपत्र, हातात चाळीस पानांचा फॉर्म.
‘वीस मीटर चालता येतं?’
कोणत्या दिवशी, मी विचारलं.
तिने ‘हो’वर खूण केली.

बाई वाईट नव्हती. बूट दाराशी काढून आली होती.
निघताना तिला पत्रकांचा गठ्ठा दिसला:
आमची बस बंद करू नका.
‘या घड्या तुम्ही घातल्या?’
खोटं बोलायलाही ताकद लागते.
‘अकरा,’ मी म्हटलं. ‘काल अकरा घातल्या.’
तिने लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यापासून पैसे निम्मे.
अकरा घड्यांनंतर चार दिवस
मला कूस बदलता आली नव्हती,
पण त्या फॉर्मात ‘नंतर’ला रकानाच नाही.

खालच्या मजल्यावर एफी लॉरिमर राहते.
वय चौऱ्याहत्तर. तागाच्या गिरणीतल्या यंत्रांनी
तिचे कान विशीतच खाल्ले.
मला आवाज सोसत नाही, तिला ऐकू येत नाही;
आमचं झकास जमतं.
मी नुसते ओठ हलवते, ती वाचते.
रोज एक वाक्य. नऊ दिवसांत नऊ वाक्यं
तिने किराणाच्या पावतीमागे लिहून घेतली
आणि कौन्सिलच्या बैठकीत जाऊन
बहिऱ्या माणसाच्या टिपेच्या आवाजात वाचली.
अंधारात कुजबुज म्हणून जन्मलेली माझी वाक्यं,
म्हणे मागच्या रांगेतला झोपलेला सभासद दचकून उठला.

बसचा रविवार गेला. सहा दिवस वाचले.
मी त्या बसमध्ये सात वर्षांत पाऊल ठेवलेलं नाही.
पण ती कोपऱ्यावर वळते तेव्हा
पलंगाच्या लोखंडात बारीक थरथर येते.
तेवढी मला सोसते.

तर, ही सही.
नोंदीतली सही जुनी आहे,
जिने धावत उतरणाऱ्या बाईची:
इशबेल रॅट्रे, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी
थेट चौकटीबाहेर झेपावणारी.
आताची सही म्हणजे भिजलेला दोरा.
दोन्ही जुळल्या नाहीत तर मत बाद.

म्हणून दोन दिवस, पत्रकांच्या पाठीवर,
मी माझ्याच सहीची नक्कल गिरवतेय.
कोणी पकडलं तर काय सांगू?
की ही बाई खरी आहे, सही तेवढी बनावट?
की सही खरी होती,
आणि ती करणारीच हरवली?

एफीने पाठीमागे उशी लावली. पेन बोटांत अडकवलं.
शेपटी या वेळी चौकटीबाहेर गेली नाही,
पण निघाली तर खरी.

मत कोणाला, ते एफीला कळलं नाही.
मी ओठ मिटून घेतले होते.
पाकीट बंद करायला मात्र जीभ कोरडी,
वीस मिनिटं कधीच संपलेली;
शेवटी तिनेच ते चाटून चिकटवलं.
नियमात बसतं का, देव जाणे.