मी आलो

आमच्या गल्लीत बायकाही म्हणतात,
मी आलो, मी जेवलो, मी झोपतो आता.
पुण्याची पाहुणी हसायची.
शुक्रवार पेठेत वाढलो मी,
माझं 'आलो' कुणाच्या कानाला कधी खटकलं नाही.
भाषेनं मला झाकून ठेवलं,
दुरडीत भाकरी ठेवावी तसं, ऊब धरून.

खटकलं ते केसपेपरच्या खिडकीवर.
पेशंट कुठाय?
म्हटलं, मीच.
त्यानं आधारकार्ड बघितलं, मिसरूड बघितलं,
पुन्हा आधारकार्ड.
मागं रांगेतनं कुणी ओरडलं, आवर की भावा!
त्या 'भावा'नं क्षणभर बरं वाटलं
आणि लगेच कळ आली ओटीपोटात.

कळ तीन वर्षांची आहे.
पहिलं वर्ष उद्यमनगरात लेथवर उभ्यानं काढलं,
पॅन्टीत जुन्या बनियनची घडी घालून.
दुसऱ्या वर्षी राजारामपुरीतल्या मॅडमनी
औषध नाही, एक फोन नंबर लिहून दिला,
मनाच्या डॉक्टरांचा.
आधी हे बघून घ्या, म्हणाल्या.
'हे' म्हणजे काय ते पेनानं दाखवलं,
डोक्यापासून पायापर्यंत, हवेतल्या हवेत.
तिसऱ्या वर्षी मेडिकलमधनं गोळ्या आणल्या,
बहिणीला पाहिजेत म्हणून.
मला बहीण नाही.

आता हे बाकडं. स्त्रीरोग विभाग.
भिंतीवरच्या चित्रात बाळ हसतंय, एक डोळा पोपडा येऊन गेलेला.
'पुरुषांनी बाहेर थांबावे', पाटी नेमकी माझ्या डोक्यावर.
मावशी दोनदा उठवून गेल्या.
मग पुकारा झाला:
शैलजा बाबूराव चौगुले.
कुणी उठलं नाही.
शैलजा बाबूराव चौगुले!
वाटलं, उठावं कुणीतरी,
असेलच की या नावाची एखादी बाई,
तिनं आत जाऊन माझं दुखणं सांगून यावं.

उठलो.
अख्खं बाकडं वळलं माझ्याकडं.
आत शिकाऊ डॉक्टर पाच, मग सात.
पडदा अर्ध्यातच अडकायचा.
एकीनं तो हातानं धरून ठेवला शेवटपर्यंत,
तिचं नाव विचारायचं राहिलं.
मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, लग्न?
म्हटलं, साहेब, रक्ताचं विचारा की.

सोनोग्राफीची तारीख पुढल्या महिन्याची सतरा.
कुठल्या रांगेत थांबायचं, ते कुणालाच ठाऊक नाही.

बाहेर आलो तर माझी जागा गेलेली.
कागलकडची एक बाई, मांडीवर डबा,
सरकली जरा.
बस की. रंग पार उडालाय तुझा.
मग स्वतःशीच बोलल्यासारखी,
मीबी पहाटंच्या एसटीनं आलो, अजून नंबर न्हाई.

आलो, म्हणाली ती.

पाटीखालीच बसलो.
नाव काय रं तुझं?
केसपेपर दुमडून खिशात घातला,
मग सांगितलं.